वर्षाच्या बोलीवर घेतलेला फोन

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

सकाळी वहीपूजन झालं. ही डायरी खतवाल्यानं फुकट दिली होती, कोरीच पडली होती. हिशोबाची वही वेगळी. हिच्यात मनातली मळमळ काढायची असं ठरवलंय, कारण घरात ऐकून घेणारं कुणी नाही. पोरगी शिवप्रिया ऐकते, पण नुसतं हुं हुं करते, लक्ष भलतीकडंच असतं.

आणि मळमळ आहेच. परवा एका बारशाच्या गाद्या परत आल्या. एकीवर वरण सांडून वाळलेलं. दुसरीवर काय सांडलं होतं ते लिहायला नको. कढई तर झाकण लावून तशीच पाठवली, आत रस्सा, वर पांढरी बुरशी. मल्हारनं झाकण उचललं आणि तोंड फिरवून बाहेर गेला. मल्हार माझ्याकडं पहिल्यापासून कामाला आहे, त्याचं पोट सहसा ढवळत नाही. अणदुरात मंडप, गाद्या, भांडी भाड्यानं द्यायचा माझा धंदा. इतक्या वर्षांत एवढंच कळलं की भाड्याची वस्तू हातात आली की माणसाची लाजशरम सुटते. घरची वाटी चकाचक घासणारी बाई माझी परात चिखलातनं ओढत नेते. म्हणून एकूण एक भांड्यावर मशीननं नाव घातलंय, ‘गुरुलिंग मंडप, अणदूर’, आणि खाली फोन नंबर. लबाडाला निदान दोनदा विचार करावा लागावा.

माझ्या घरात मात्र भाड्याची वस्तू चालत नाही. कितीही पाहुणे येवोत, गोदामातली गादी उंबरा ओलांडत नाही. शिवप्रियाची आई यावरनं मला हसायची. ती गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. शेजारी माझी थोरली बहीण शांताक्का राहते. तिचं घर वेगळं आहे, पण चहा आमच्याकडंच असतो.

दुपारी जेवताना शिवप्रिया म्हणाली, “अप्पा, मी फोन घेतेय. भाड्यानं.”

मला वाटलं थट्टा करतेय. मंडपवाल्याच्या घरात भाड्याचा फोन. सणासुदीला हे ऐकायचं होतं.

२४ ऑक्टोबर

शिवप्रिया नवऱ्या सजवते. मेकअप, केस, साडी नेसवणं, सगळं. सुरुवातीला मला ते पटलं नव्हतं, पण माझ्याच मंडपातल्या नवऱ्या तिच्याकडं यायला लागल्या म्हणून चालवून घेतलं. आता लोहाऱ्याच्या एका मोठ्या बागायतदारानं फेब्रुवारीतल्या लग्नाला तिला बोलावलंय. मुलीचा मेकअप हिनं करायचा. ती म्हणते, हे एक काम नीट झालं आणि त्याचे फोटो चांगले आले की मला माझ्या नावावर कामं येतील. नाहीतर जन्मभर मंडपवाल्याची पोरगी म्हणूनच बोलावतील. मी म्हटलं, मग त्यात वाईट काय आहे?

फोटो चांगले यायला कॅमेरा चांगला पाहिजे, एवढं मलाही कळतं. पण तिच्याकडं फोन नव्हता असं नाही. मीच घेऊन दिला होता. मागच्या वर्षी कुणा पोराशी तासन्‌तास बोलायला लागली म्हणून काढून घेतला आणि दोन महिने कपाटात कुलपात ठेवला. पैसे माझे, फोन माझा. परत दिला तोवर बॅटरी फुगली होती, त्याला मी काय करू? तेव्हापासून ती तडा गेलेल्या एका डबड्यावर काम चालवते. त्यात नवरी काविळीची दिसते.

मी म्हटलं, नवा घेऊन देतो की. रोख. बिल माझ्या नावावर, धंद्यात दाखवता येईल.

“नको अप्पा,” म्हणाली. “मी भाड्यानंच घेते. महिन्याचं माझं मी भरते.”

पोरीचं डोकं फिरलंय.

२७ ऑक्टोबर

नळदुर्गला गेलो. तिथं नंदीशचं मोबाईलचं दुकान आहे, तो आमच्या नात्यातला. दुकानात पाय ठेवला आणि परत फिरावं वाटलं. ज्या फोनला हात लावावा त्याच्या काचेवर लोकांच्या बोटांचं तेल. एक माणूस पान खाऊन फोन कानाला लावून बघत होता, पानाचा लाल थेंब काचेवर पडला तर त्यानं तो बाहीनं पुसला आणि फोन परत मांडणीत ठेवला. मी नंदीशला म्हटलं, भाड्याचा फोन म्हणजे हेच ना, कुणाच्या तरी कानातला मळ आपल्या कानात.

नंदीश म्हणाला, “तसं न्हाई मामा. फोन नवाच येतो, पेटीबंद. फक्त मालकी कंपनीची. वर्षानं परत द्यायचा, न्हाईतर उरलेली किंमत भरून ठेवून घ्यायचा.”

कंपनी कुठली ते त्यानं सांगितलं. नाव इथं लिहून वही खराब करत नाही.

मग त्याच्याच गल्ल्यावर बसून मी हिशोब मांडला. फोनची किंमत बावन्न हजार. विकत घेतला आणि वर्षानं विकला तर नंदीश म्हणतो तीस हजार येतील, म्हणजे बावीस हजार पाण्यात. भाडं महिन्याला साडेसोळाशे, वर्षाचे एकोणीस हजार आठशे. पाच हजार डिपॉझिट, ते परत मिळतं. म्हणजे एकच वर्ष वापरायचा असेल तर भाडं स्वस्त पडतं. हा आकडा बघून माझं डोकं उठलं. परत मांडला, तोच आला. तीन वर्षं धरली तेव्हा कुठं जिवाला बरं वाटलं, भाड्याचे एकोणसाठ हजारांवर जातात आणि शेवटी हातात भोपळा. विकत घेतलेला निदान घरात राहतो.

घरी येऊन तिला कागद दाखवला. म्हटलं, बघ. तीन वर्षांत विकत घेणारा जिंकतो.

“मला वर्षभरच हवाय,” म्हणाली.

वर्षभरासाठी कोण वस्तू घेतं? संसाराची अक्कल यायला अजून वेळ आहे.

५ नोव्हेंबर

फोन आला. पेटीबंद होता हे खरं. तरी मी भांडी परत घेताना बघतो तसा उजेडात धरून, चारी बाजूंनी बघितला. शिवप्रियाला म्हटलं, पहिल्या दिवशी सगळीकडून फोटो काढून ठेव, तारीख दिसली पाहिजे. नाहीतर परत देताना हे लोक जुन्या ओरखड्याचे पैसे तुझ्याकडून काढतात. डिपॉझिट परत कधी आणि कसं, ते लिहून घे. तोंडी बोलीवर विश्वास ठेवू नको. ती सगळं लिहून घेत होती. माझं बोलणं तिनं इतक्या मनापासून ऐकलंय असं किती दिवसांत झालं नव्हतं.

करार इंग्रजीत होता. ती वाचून मराठीत सांगायला लागली. फुटला तर इतके, भिजला तर तितके, हप्ता चुकला तर कंपनी तिथं बसून फोन बंद करणार. म्हणजे मी नळदुर्गच्या लग्नात गेलेली माझी कढई इथं बसून थंड करावी तसं. किळस आली. माझ्याही पावतीवर ‘जळाल्यास भरून द्यावे लागेल’ असं आहे, पण मी कुणाचं अन्न अर्ध्यात थांबवत नाही. अजून दोन पानं होती. म्हटलं, बास, मिटव. जेवलेलं पचणार नाही.

संध्याकाळी तिनं माझा फोटो काढला. फार स्वच्छ आला. गालावरचे खड्डेसुद्धा दिसतात. असला फोटो कुणाला पाहिजे?

१९ डिसेंबर. येळवस

येळवसेच्या अमावस्येला शेतात जायचंच. कडब्याची कोप उभी केली, तिच्यात पूजा झाली, आंबील, भज्जी, उंडे, सगळं शांताक्कानं पहाटेपासून उठून केलेलं. बांधावरनं जाणाऱ्या प्रत्येकाला जेवायला बोलवायची रीत, त्यामुळं ओळखीचे, बिनओळखीचे, सगळे येऊन बसले. एक जण आंबिलीचा पेला तोंडाला लावून तोच परत मडक्यात बुडवत होता. मी नंतर आंबील घेतली नाही.

जेवणं झाल्यावर शिवप्रियाचा फोन सापडेना. बावन्न हजारांची लोकांची वस्तू आणि शेतात जत्रा जमलेली. मी एकेकाच्या तोंडाकडं बघायला लागलो. शिवप्रिया म्हणत होती, अप्पा, असं बघू नका हो, पाहुणे आहेत. शेवटी कोपीच्या मागं कडब्यात सापडला, आंबिलीचे हात लागलेला, चिकट. कुणा पोरानं खेळायला नेला होता. मी धोतराच्या सोग्यानं पुसला. वास जाईना.

म्हटलं, स्वतःचा असता तर जिवाला घोर नसता. शांताक्का भज्जी झाकत होती, ती तिथनंच म्हणाली, “गुरुलिंगा, आपला खंडोबा बी आत्ता नळदुर्गात हाय न्हवं? मूर्ती एकच, म्हणून दोन्ही गावचे मानकरी कागद करतात, द्यायचा कवा अन् आणायचा कवा. मुदत झाली की देव येतो माघारी. कागद केला म्हणून त्यो कुणाचा कमी हुतोय का?”

मी म्हटलं, “अक्का, देवाची अन् मोबाईलची काय बरोबरी करतीस?”

“मी मोबाईलचं कुठं बोलतीय,” म्हणाली आणि हात धुवायला गेली. अक्काचं असंच, काहीतरी बोलायचं आणि उठून जायचं.

६ जानेवारी

पौर्णिमेची नळदुर्गची यात्रा झाली, देवाची गावात यायची तयारी सुरू आहे. आम्हाला भांड्यांची बऱ्यापैकी मागणी आहे. पौषात लग्नं नाहीत म्हणून शिवप्रिया रिकामीच. रिकामी म्हणजे फोनवर. ती स्वतःचे व्हिडिओ करते, केस कसे बांधायचे, पदर कसा पिनायचा. चार-पाचशे लोक बघतात म्हणे. चार-पाचशे अनोळखी माणसं माझ्या स्वयंपाकघराची भिंत बघतात हे काही मला आवडत नाही. भिंतीवर फोडणीचे डाग आहेत.

आज मात्र बरं वाटलं. तिनं विचारलं, “अप्पा, तुळजापुरात एखादा गाळा किंवा खोली घ्यायची तर डिपॉझिट किती महिन्यांचं मागतात?” तिच्या मैत्रिणीला हवंय. मी तासभर सांगितलं. अकरा महिन्यांचा करार का करतात, वीजबिल कुणाकडं, नळाला पाणी येतं का ते भर दुपारी जाऊन बघावं, घरमालक आधीच्या भाडेकरूबद्दल काय बोलतो ते ऐकावं. तो शिव्या देत असला तर उद्या तुलाही देणार. तिनं सगळं फोनमध्ये टिपून घेतलं. म्हटलं, चला, फोनचा काहीतरी उपयोग झाला. मैत्रिणीला सांग, काही अडलं तर मला विचार म्हणावं.

७ फेब्रुवारी

उद्या लोहाऱ्याचं लग्न. मंडपही आपलाच आहे. बागायतदारानं आधी लातूरहून मागवायचं ठरवलं होतं, शिवप्रियानं शब्द टाकला म्हणून आपल्याला मिळालं. मल्हार कालपासून तिथंच खांब रोवतोय, आज उरलेल्या सतरंज्या न्यायला आला होता.

मला येळवसेपासून झोप नाही. लग्नात काय काय जातं ते मला विचारा. चपला जातात, वाट्या जातात, एकदा तर जेवणाच्या पंगतीतनं आख्खी सतरंजी गेली, लोक अजून तिच्यावर बसलेले असताना. उद्या तिथं दोन हजार माणूस. फोन कुठंतरी ठेवायची, कुणीतरी उचलायचा.

शिवप्रिया न्हाणीत होती. फोनचं कव्हर काढलं. पाठ गुळगुळीत, कसल्याशा धातूची. मशीन आणलं, सुई बारीक ठेवली आणि नाव घातलं. ‘गुरुलिंग मंडप, अणदूर’, खाली नंबर. मल्हार उभाच होता. म्हणाला, “मालक, हे कंपनीचं हाय न्हवं?” म्हटलं, हरवला तर कंपनी हुडकून देणार आहे का? अक्षर छान आलं. फक्त अणदूरचा ण जरा वाकडा गेला, कारण न्हाणीचं दार वाजलं. कव्हर परत चढवलं.

तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नको म्हणाली असती.

८ फेब्रुवारी, रविवार

लग्न पार पडलं. मंडपाचं सगळ्यांनी कौतुक केलं.

एक गोष्ट लिहून ठेवतो. नवरीच्या खोलीतला पंखा चालत नव्हता म्हणून मी दारात गेलो होतो. आत दहा-बारा बायका. शिवप्रियानं नवरी पुढ्यात बसवलेली, आणि खरं सांगायचं तर मुलगी ओळखू येत नव्हती इतकी सुंदर केली होती. फोन स्टँडवर लावायचा होता, कव्हरसकट तो बसेना, म्हणून तिनं कव्हर काढून बाजूला ठेवलं. नवरीच्या मावशीनं फोटो बघायला फोन हातात घेतला, उलटा केला आणि मोठ्यानं वाचलं. गुरुलिंग मंडप, अणदूर.

“अगं बया, ह्यो फोन बी मंडपाच्या भांड्यातलाच हाय का?”

बायका हसल्या. एक म्हणाली, लिपस्टिकवर बी नंबर हाय का बघा. आणखी हसल्या. मलाही गंमत वाटली. मी दारातनं म्हटलं, “आपलाच हाय. पोरगीबी आपलीच हाय. सगळं एकाच नावाचं.” त्यावर तर खोली दणाणली.

शिवप्रिया हसली नाही. तिनं मावशीच्या हातातनं फोन घेतला, नाव बघितलं, अंगठा फिरवून बघितला. मग स्टँडवर लावला आणि नवरीच्या ओठांचं काम पुढं चालू केलं. चेहरा मात्र उतरला होता.

येताना टेम्पोत पुढं माझ्याशेजारी बसली. सबंध रस्ता खिडकीबाहेर बघत होती. दमली असेल.

११ फेब्रुवारी

तीन दिवसांत पाच जणांचे फोन आले, माझ्या नंबरवर. लोहाऱ्याच्या लग्नात बघितलं म्हणतात. एक जण विचारतो, मंडपाबरोबर मेकअपवाली पण मिळते का. दुसरा म्हणतो, गाद्या, भांडी आणि मेकअप मिळून किती, एकदम काय ते सांगा. मी एकदम सांगितलं. चांगला भाव सांगितला. हे नाव घातल्याचं फळ नाही तर काय? पाच लग्नं ठरली.

जेवताना आनंदानं तिला सांगितलं. म्हटलं, बघ, कामं पाहिजे होती ना.

तिनं ताट सरकवलं. “अप्पा, मी किती घेते ते तुम्हाला माहीत तरी आहे का?”

मी म्हटलं, घरातलं घरात कसलं घेणं? भाव मी सांगितलाय तो ठीक आहे.

अर्धी भाकरी तशीच टाकून उठली. अन्न टाकलेलं बघून मला फार घाण वाटते.

१३ फेब्रुवारी

फोन परत घेता का म्हणून तिनं त्याचे फोटो कंपनीला पाठवले. उत्तर आलं की वस्तूवर कायमची खूण केली आहे, आता परत घेता येणार नाही, उरलेले सगळे पैसे भरून फोन ठेवून घ्यावा. ही अट न वाचलेल्या दोन पानांत होती. मी त्यांच्या माणसाशी फोनवर बोललो. म्हटलं, नावच तर घातलंय, काही फोडलं का? अहो भांड्यावर नाव असलं की भांड्याची किंमत कमी होते का? तो पोरगा घोकल्यासारखं एकच वाक्य परत परत बोलत होता. असल्या माणसांशी बोलून तोंड कडू होतं.

शांताक्काला कळलं. मला वाटलं ती कंपनीला चार शिव्या देईल. माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, “आता पोरीच्या कपाळावर बी घाल नाव. तेवढंच राह्यलंय.”

मी म्हटलं, अक्का, माझ्या पोरीची वस्तू हरवू नये म्हणून केलं. अक्का म्हणाली, “व्हय. हरवू नये म्हणून.” चहा न पिता गेली.

रोख भरून टाकले. म्हटलं, कटकट संपली. भाडं नाही, हप्ता नाही, कुणाचा हुकूम नाही. फोन तिच्यापुढं ठेवला आणि म्हटलं, घे, झाला एकदाचा आपला.

“तुमचा झाला,” म्हणाली आणि आपलं सिमकार्ड काढून घेतलं.

२ मार्च

शिवप्रिया तुळजापूरला गेली. रोजचं जाणं-येणं नाही, राहायला गेली. तिथं एका पार्लरमध्ये भागीत काम करणार आहे आणि एक खोली घेतलीय. अकरा महिन्यांचा करार. जानेवारीत डिपॉझिटचं विचारणारी मैत्रीण म्हणजे ही स्वतःच.

मी ओरडलो. लग्नाआधी पोरगी बाहेर राहणार, लोक काय म्हणतील, इथं काय कमी आहे, सगळं म्हणून झालं. तिनं माझ्यापुढं कराराचा कागद ठेवला आणि म्हणाली, एकदा बघून द्या अप्पा, तुम्हाला यातलं कळतं. मी चष्मा लावून बघितला. कागद पक्का होता. डिपॉझिटचं लिहिलेलं, वीजबिलाचं लिहिलेलं, भिंतीवर आधीपासून ओल कुठं आहे तेसुद्धा लिहून घेतलेलं. एक चूक काढता आली नाही.

ती पाच लग्नं मी दुसऱ्या बाईला दिली. त्यातल्या पहिल्या नवरीला आज बघितलं. तोंडाला पीठ फासल्यासारखं. किळसवाणं काम.

फोनमध्ये मी माझं सिम घातलंय. चांगला चालतो. सगळे गाद्यांसाठीच फोन करतात.

१२ एप्रिल

आज तुळजापूरला जाऊन आलो. तिनं बोलावलं नव्हतं, पण येऊ नका असंही म्हणाली नव्हती. पिशवीत शेंगाचटणी, खव्याच्या पोळ्या, आणि टॉवेल-बंडी घेतली. यष्टी तासाभराची, पण उन्हाळ्यात परतीच्या गाड्यांचं काही सांगता येत नाही, वेळ पडली तर राहता यावं. स्टँडवर मुताऱ्यांचा वास, शेजारी उघड्यावर पेढे, त्यावर माश्या. नाकाला रुमाल लावून चालत गेलो.

खोली गल्लीच्या आत, जिना चढून वर. घरमालकीण उमाबाई म्हणून आहेत, खाली राहतात. दार शिवप्रियानंच उघडलं. “या अप्पा,” म्हणाली. पाणी दिलं. हातावर रंगाचे डाग होते, बारीक झालीय.

मी बसलो आणि सवयीनं बघायला लागलो. कोपरे बघितले, मोरी बघितली, खिडकीच्या गजावर बोट फिरवलं. गादीची कड उचलून खालनं बघितली. मला काहीतरी सापडायला पाहिजे होतं. भाड्याची जागा आहे, कुठंतरी घाण असणारच. काही सापडलं नाही. माझ्या घरापेक्षा स्वच्छ. ओल होती त्या भिंतीला तिनं स्वतः चुना लावलाय. इतकी वर्षं या धंद्यात आहे, भाड्याची वस्तू कुणी अशी ठेवलेली मी बघितली नाही. खरं तर बरं वाटायला पाहिजे होतं. मला राग आला, आणि कुणाचा आला ते कळेना.

म्हटलं, “कशाला लोकांच्या भिंतीला चुना लावत बसतीस? मी ब्लॉक घेऊन देतो. इथंच, देवळाजवळ. रोख.”

“नको अप्पा.”

“भाडं भरून भरून शेवटी हातात काय राहतं?”

तिनं पोळी गरम करायला तवा ठेवला. पाठमोरीच म्हणाली, “मी राहते की.”

मग जेवलो. तिनं वाढलं, मी जेवलो. तिचं काम बरं चाललंय. लोहाऱ्याच्या त्या नवरीनं तिच्या बहिणीसाठी तिलाच बोलावलंय, तिच्या स्वतःच्या नंबरवर. मला ते तिनं सांगितलं नाही, फोनवर कुणाशी तरी बोलत होती त्यातनं कळलं. नवा फोनही भाड्याचाच घेतलाय. इतक्या दिवसांनी तिच्या हातचं जेवलो, तोंड उघडून ते घालवायचं नव्हतं.

ऊन उतरलं, दिवे लागले. मी गादीवर टेकून बसलो होतो. गाडीचं तिनं विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. पिशवीतला टॉवेल वर काढून ठेवला होता.

जिन्यावर पावलं वाजली. उमाबाई दारात आल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, “वडील का? बरं झालं आलात. रात्रीचं मी कुणाला राहू देत नाही, पण वडलांना नाही कसं म्हणू? राहू देत गं आज.”

शिवप्रियानं टॉवेलाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

“नको मावशी,” म्हणाली, “निघालेतच ते.”

मी अजून गादीवर बसलेलोच होतो.